भोंवळ आणि अंतःकर्ण



चक्कर, भोंवळ, घेरी, अंधारी हे आपल्या भाषेंतील चार शब्द एकाच अनुभवाचीं चार नांवें आहेत असें वरवर पाहणारास वाटतें. नीट विचार केला तर तसें नाहीं. बसल्या जागेवरून एकदम उठलें असतां डोळ्यांपुढें क्षणभर काळोख येतो, ती अंधारी. त्या वेळीं मेंदूकडे जाणारें रक्त क्षणमात्र कमी पडलेलें असतें. घेरी येऊन मनुष्य कोसळतो तेव्हां त्याची शुद्धच हरपलेली असते. भोंवळ यांहून निराळी. भोंवळींत मनुष्य पूर्ण शुद्धीवर असतो, त्याला सर्व कांहीं दिसत असतें, ऐकूं येत असतें, आणि तरीहि भिंती, कपाट, छतावरचा बंद असलेला पंखासुद्धां त्याच्याभोंवतीं गरगर फिरूं लागतो. भोंवरा आणि भोंवळ या दोन शब्दांचें नातें उघडच आहे. आपल्या जुन्या वैद्यांना हा भेद ठाऊक होता. माधवनिदानांत मूर्च्छा आणि भ्रम हे दोन निरनिराळे विकार म्हणून सांगितले आहेत. आपण मात्र घरांत या सर्वांना सरसकट ‘चक्कर’ म्हणतों, डॉक्टरांसहि तेवढेंच सांगतों, आणि मग पित्त, अशक्तपणा, रक्तदाब, मानेचे मणके अशी एकेक शंका घेत महिनेच्या महिने घालवितों.

मला आज सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, जग फिरविणारी जी खरी भोंवळ, तिचें मूळ पुष्कळदां पित्तांत नसतें, रक्तांत नसतें आणि मानेंतहि नसतें. तें कानांत असतें. आणि कानांतील ज्या बिघाडामुळें ती सर्वांत अधिक वेळां येते तो बिघाड गोळ्यांनीं नव्हे, तर डोकें विशिष्ट क्रमानें वळवून, बहुधा पांच-दहा मिनिटांत दूर करतां येतो. कान दुखत नाहीं, वाहत नाहीं, ऐकूं नीट येतें; मग कानाचा संशय कोणास यावा? म्हणून प्रथम या इंद्रियाची थोडी ओळख करून घेऊं.

कानाच्या पडद्याच्याहि पलीकडे, कवटींतील सर्वांत कठीण अशा हाडांत, निसर्गानें एक वांकडीतिकडी पोकळी कोरून ठेवली आहे. तिला अंतःकर्ण म्हणतात. तिच्या पुढच्या अंगास गोगलगाईच्या शंखासारखा एक वेटोळा भाग आहे. ऐकण्याचें काम तेवढ्या भागाचें. मागच्या अंगास तीन बारीक कमानदार नळ्या आहेत आणि मध्यें दोन लहानशा पिशव्या आहेत. नळ्या इतक्या अरुंद कीं त्यांत मोहरीचा दाणाहि शिरणार नाहीं; आणि एकेका कमानीचा व्यास सहा-सात मिलिमीटरांहून अधिक नाहीं. या पांच अवयवांचें मनुष्याच्या ऐकण्यावांचून कांहीं अडत नाहीं. आपलें डोकें कोणत्या दिशेला, किती वेगानें वळत आहे, आणि जमीन कोणत्या बाजूस आहे, या दोन गोष्टी मेंदूस कळविणें हें त्यांचें काम.

नळ्यांचें काम कसें चालतें हें पाहण्यासाठीं घरांत एक साधा प्रयोग करून पाहा. एका वाटींत पाणी घेऊन त्यावर तुळशीचें पान सोडा. पान स्थिर झालें म्हणजे वाटी हातांत धरून जागच्या जागीं गर्रकन् वळा. वाटी आपल्याबरोबर वळेल. पान मात्र मूळच्या दिशेसच तोंड करून राहील, कारण वाटी फिरली तरी पाणी मागें राहतें. अंतःकर्णांतील नळ्यांतहि असाच एक द्रव भरलेला आहे. डोकें वळलें कीं नळी वळते, द्रव मागें राहतो, आणि नळीच्या फुगीर टोकाशीं आडवा बसविलेला सरसासारखा मऊ पडदा त्या द्रवाच्या दाबानें वांकतो. पडद्याच्या बुडाशीं सूक्ष्म केस असलेल्या पेशी आहेत. केस वांकले कीं पेशींतून मज्जातंतूंत संदेश निघतो. तीन नळ्या कां, तर खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती आणि जमीन जशीं एकमेकांशीं काटकोन करून भेटतात तशाच त्या नळ्या तीन प्रतलांत बसविलेल्या आहेत. मान हालवून होकार द्या, नकार द्या किंवा डोकें खांद्याकडे कलवा. कोणतीहि हालचाल या तिघींच्या तावडींतून सुटत नाहीं.

मधल्या दोन पिशव्यांची रचना वेगळी. तेथें केसाळ पेशींवर एक चिकट थर आहे आणि त्या थरांत चुनखडीचे असंख्य सूक्ष्म कण रुतलेले आहेत. कण जड असल्यामुळें डोकें कलतांच ते खालच्या बाजूस ओढ घेतात आणि जमीन कोणीकडे आहे हें मेंदूस समजतें. मोटार एकदम सुटली, पाळणा खालीं आला, उद्वाहक वर निघाला, तरी बातमी देतात ती हे कणच. त्यांची गोष्ट पुढें पुन्हां येणार आहे. कारण आजच्या विषयांतील खरे खोडकर तेच.

या कणांच्या कार्याचा पुरावा एका लहानशा जलचरानें दिला, आणि तो प्रयोग मला विज्ञानाच्या इतिहासांतील अत्यंत चतुर प्रयोगांपैकीं एक वाटतो. कोळंबीच्या तोल सांभाळणाऱ्या पिशवींत वाळूचे कण असतात. कोळंबी कात टाकते तेव्हां ते कणहि टाकले जातात आणि ती भोंवतालची वाळू उचलून पिशवींत नव्यानें भरते. व्हिएन्ना येथील आलोइस क्राइड्ल यानें इ. स. १८९३ मध्यें कात टाकणाऱ्या कोळंब्यांना वाळूऐवजीं लोखंडाचा बारीक कीस दिला. त्यांनीं तो निमूटपणें पिशवींत भरून घेतला. मग क्राइड्लनें वरच्या बाजूनें लोहचुंबक धरला, आणि कोळंबी उलटी होऊन, पाठ खालीं आणि पाय वर करून, पोहूं लागली. लोखंडाचे कण वर ओढले गेले होते. तिच्या लेखीं जमीन आतां वर होती.

त्याच्या पुष्कळ आधीं, १८२० नंतरच्या दशकांत, फ्रान्समध्यें पिएर फ्लूरां यानें कबुतरांच्या अंतःकर्णांतील नळ्या एकेक करून छेदल्या होत्या. कबुतरांना ऐकूं येत राहिलें. परंतु जी नळी छेदली त्या नळीच्या प्रतलांत त्यांचें डोकें हेलकावे खाऊं लागलें आणि पक्षी गिरक्या घेऊं लागले. प्रयोग क्रूर होता, पण त्यानें दाखविलेली गोष्ट अगदीं स्पष्ट होती. तरीहि रुग्णाच्या खाटेपाशीं उभ्या असलेल्या वैद्यांना तिचा उपयोग सुचण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तो सुचला प्रॉस्पेर मेन्येर या पॅरिसच्या वैद्यास.

मेन्येर हा मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्य होता. त्याच्याकडे असे रोगी येत कीं ज्यांना मधून मधून एकाएकीं भयंकर भोंवळ येई, ओकाऱ्या होत, घाम सुटे, आणि त्याच वेळीं एका कानांत घणघण आवाज होऊन तो कान बधिर होई. त्या काळचे वैद्य या झटक्यास मेंदूंत रक्त चढण्याचा विकार समजत आणि त्यावर उपाय म्हणून रोग्याचें रक्त काढीत, जळवा लावीत. ज्याला तोलच सांवरत नाहीं त्याचें आणखी रक्त काढावयाचें! मेन्येरनें आपल्या रोग्यांकडे वर्षानुवर्षें पाहिलें होतें. हे लोक अर्धांगानें आजारी पडत नाहींत, त्यांची बुद्धि शाबूत राहते, झटका ओसरतांच ते चालूं-बोलूं लागतात. राहतो तो केवळ कानाचा दोष. इ. स. १८६१ च्या जानेवारींत पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढें त्यानें निबंध वाचला आणि हा विकार मेंदूचा नसून अंतःकर्णाचा आहे असें प्रतिपादन केलें. थंडीच्या रात्रीं घोडागाडीच्या उघड्या बैठकीवरून प्रवास केलेली एक तरुण मुलगी एकाएकीं बहिरी झाली, तिला सतत भोंवळ येऊं लागली आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली. शवविच्छेदनांत मेंदू निर्दोष निघाला आणि अर्धवर्तुळाकार नळ्यांत तांबूस द्रव्य भरलेलें आढळलें, हा दाखलाहि त्यानें दिला. त्या मुलीचा रोग आज आपण ज्याला मेन्येरचा विकार म्हणतों तोच होता असें मुळींच नाहीं. परंतु भोंवळीचें घर कानांत असूं शकतें हें तिच्या मृत्यूनें दाखवून दिलें. अकादमींत त्याचें फारसें स्वागत झालें नाहीं, आणि १८६२ च्या फेब्रुवारींत तो वारला. रोगास त्याचें नांव मिळालें तें पाहण्यास तो राहिला नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, कानांतील बिघाडानें डोळ्यांपुढचें जग कां फिरावें? याचें उत्तर देण्यासाठीं आणखी एक प्रयोग, हा बसल्या जागींच करतां येईल. हातांत छापील कागद धरून तो डाव्या-उजव्या बाजूस जलद हालवा. अक्षरें पुसट होतील, वाचतां येणार नाहींत. आतां कागद स्थिर ठेवून तितक्याच वेगानें डोकें हालवा. अक्षरें स्वच्छ दिसतात. असें होण्याचें कारण हें कीं, डोकें उजवीकडे वळतांच कानाचा संदेश सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोंचतो आणि डोळे तितकेच डावीकडे वळतात. आपण रस्त्यानें चालतों तेव्हां डोकें प्रत्येक पावलागणिक हिंदकळत असतें, आणि तरी दुकानाच्या पाट्या आपण सहज वाचतों, ही कानाची कृपा.

ही कृपा नाहींशी झाली म्हणजे काय होतें याचें वर्णन एका अमेरिकन डॉक्टरानें केवळ नांवाचीं आद्याक्षरें देऊन १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याला स्ट्रेप्टोमायसीन हें औषध फार दिलें गेलें होतें आणि त्या औषधानें त्याच्या दोन्ही कानांतील केसाळ पेशी निकामी झाल्या होत्या. त्याला अंथरुणांत पडून वाचतां येईना. कारण नाडीच्या ठोक्याबरोबर डोकें किंचित् हाले आणि तेवढ्यानें अक्षरें नाचूं लागत. पलंगाच्या दोन गजांमध्यें डोकें घट्ट अडकवून त्याला वाचावें लागे. क्षयावरील उपचारांत आपल्याकडेहि स्ट्रेप्टोमायसीनचा वापर पुष्कळ वर्षें झाला, आणि त्याच वर्गांतील कांहीं औषधें गंभीर आजारांत अजूनहि द्यावीं लागतात. अशीं इंजेक्शनें चालू असतां रोग्याला चालतांना तोल जातो असें वाटूं लागलें तर ती गोष्ट अशक्तपणावर न ढकलतां त्याच दिवशीं डॉक्टरांच्या कानावर घालावी.

भोंवळीचें मर्म मात्र दोन कानांतील तुलनेंत आहे. डोकें अगदीं स्थिर असलें तरी दोन्ही कानांतून मेंदूकडे संदेशांची टकटक अखंड चालू असते, आणि ती दोहोंकडून सारखी असते. डोकें उजवीकडे वळलें कीं उजव्या कानाची टकटक वाढते आणि डाव्याची मंदावते. मेंदू तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें दोहोंतील फरक पाहतो आणि वळण्याची दिशा ठरवितो. आतां समजा, डावा कान एकाएकीं आजारी पडला. डोकें उशीवर स्थिर आहे, पण डावें पारडें रिकामें झालें. मेंदूला त्यावरून एकच अर्थ निघतो: आपण उजवीकडे भराभर फिरत आहोंत. तो डोळ्यांना तशी आज्ञा देतो, डोळे हळूहळू एका बाजूस सरकतात आणि झटक्यानें परत येतात, आणि खोली गरगर फिरूं लागते. विषाणूंमुळें तोलाच्या मज्जातंतूस सूज आली तर असेंच होतें. तो मनुष्य दोन-तीन दिवस डोकें उचलूं शकत नाहीं आणि सर्व घर हवालदिल होतें.

फुगडीची भोंवळ याच नियमाची. वेगानें फुगडी घालणाऱ्या मुलीच्या कानांतील द्रव प्रथम मागें राहतो, पण कांहीं गिरक्यांनंतर तो नळीच्या वेगानेंच फिरूं लागतो आणि पडदा सरळ होतो. ती एकाएकीं थांबली कीं नळी थांबते. द्रव मात्र फिरतच राहतो आणि पडद्यास उलट्या बाजूस वांकवितो. मुलगी उभी आहे, कान म्हणतो तूं उलटी फिरत आहेस, आणि अंगण सभोंवार नाचूं लागतें. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें १८८२ सालीं ५१९ मूकबधिरांच्या बाबतींत ही गोष्ट तपासली. त्यांपैकीं १८६ जणांना कितीहि गरगर फिरविलें तरी भोंवळ म्हणून येईना. हार्वर्डच्या सुमारें दोनशें विद्यार्थ्यांत मात्र असा मनुष्य क्वचितच निघाला. ज्यांचें अंतःकर्णच गेलें होतें त्यांना भोंवळ देणारें इंद्रियच उरलें नव्हतें.

घाटांतील प्रवासांत जी मळमळ होते तींतहि कान गुंतलेला आहे, पण तेथें कानाचा दोष नाहीं. आंबा घाटांतून किंवा कुंभार्ली घाटांतून जाणाऱ्या गाडींत मागच्या बाकावर बसून जो पुस्तक वाचतो, त्याचे डोळे मेंदूला सांगतात कीं सर्व स्थिर आहे, आणि कान सांगतो कीं आपण वळत आहोंत, चढत आहोंत, हिंदकळत आहोंत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहींत. गाडी हांकणारास हा त्रास सहसा होत नाहीं, कारण प्रत्येक वळण तो आधीं पाहतो. म्हणून पुढें बसावें, दूरच्या डोंगराकडे पाहावें, वाचूं नये. आलें किंवा लिंबू जवळ ठेवण्यास माझी हरकत नाहीं, पण आधीं पुस्तक मिटावें.

कानांतील या यंत्राची परीक्षा जिवंत माणसांत कशी करावी हें व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यास एका रोग्यानें शिकविलें. कान धुण्याचें पाणी थंड असलें कीं आपल्याला भोंवळ येते, अशी त्या रोग्याची तक्रार होती. बाराणीनें पुढच्या खेपेस पाणी अधिक ऊन करविलें. भोंवळ आलीच, पण डोळ्यांचे झटके या वेळीं उलट दिशेनें होते. त्यावरून त्याला उमगलें कीं बाहेरच्या पाण्याच्या उष्णतेनें नळींतील द्रव तापतो किंवा निवतो आणि चुलीवरील पाण्याप्रमाणें वर-खालीं वाहूं लागतो. एकेका कानांत कोमट व गार पाणी सोडून त्या कानाचें बळ मोजण्याची रीत तेथून निघाली आणि ती आजहि चालू आहे. १९८३ सालीं अंतराळयानांत, जेथें ऊन पदार्थ वर जाण्याचा प्रश्नच नाहीं, तेथेंहि हे झटके दिसून आले; तेव्हां बाराणीचें स्पष्टीकरण बव्हंशीं खरें असलें तरी पुरेसें नाहीं, असें ठरलें. या कामाबद्दल त्याला १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याची वार्ता आली तेव्हां तो महायुद्धांतील कैदी म्हणून रशियाच्या ताब्यांत, मध्य आशियांतील मर्व्ह येथें होता. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांनीं मध्यस्थी केल्यावर १९१६ सालीं त्याची सुटका झाली.

याच बाराणीनें १९२१ सालीं एका विशिष्ट भोंवळीचें वर्णन केलें. डोकें एका ठराविक स्थितींत आणलें कीं ती येते, आणि थोड्याच सेकंदांत थांबते. आपल्या घरोघरीं जी भोंवळ दिसते ती बहुधा हीच. पहाटे अंथरुणांत कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढण्यासाठीं मान मागें टाकली, खालीं वांकून केर भरला, कीं जग गर्रकन् फिरतें. अर्धा-एक मिनिट गेलें कीं सर्व शांत. मनुष्य घाबरून निजतो, निजतांच पुन्हां भोंवळ येते, आणि पुढें कित्येक आठवडे तो उशांवर बसूनच रात्री काढतो.

तिचें कारण ते चुनखडीचे कण. वयोमानानें, डोक्यास मार बसल्यानें, कधीं दीर्घकाळ अंथरुणास खिळल्यानें, आणि पुष्कळदां उघड कारणावांचूनहि, पिशवींतील कांहीं कण सुटतात आणि नळींत उतरतात. बहुधा ते मागच्या नळींत जातात, कारण मनुष्य उताणा निजला असतां ती सर्वांत खालीं असते. डोकें हाललें कीं हे कण नळींत घरंगळतात, द्रवाला बरोबर ओढतात, पडदा वांकतो आणि मेंदूला खोटी वर्दी जाते. कण तळाशीं जाऊन स्थिरावले कीं भोंवळहि थांबते. एवढी यांत्रिक गोष्ट! अमेरिकेंतील जॉन एप्ले या कर्णवैद्यानें असा विचार केला कीं, कण ज्या वाटेनें आंत गेले त्या वाटेनें त्यांना बाहेर काढतां आलें पाहिजे. त्यानें आपली रीत १९९२ सालीं सविस्तर प्रसिद्ध केली. डोकें वळवून रोग बरा करावयाचा ही कल्पना त्याच्या व्यवसायबंधूंपैकीं अनेकांना पोरकट वाटली होती. परंतु त्याच वर्षीं कॅनडांतील दोन शस्त्रवैद्यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं नळींत तरंगणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचें प्रसिद्ध केलें.

रीत अशी. प्रथम डॉक्टर रोग्यास बसवून त्याचें डोकें एका बाजूस अर्धवट वळवितो आणि त्याला झटकन् मागें निजवितो, डोकें किंचित् खालीं लोंबेल असें. त्या वेळीं डोळ्यांत जे झटके दिसतात त्यांवरून कोणत्या कानाची कोणती नळी हें कळतें. ही परीक्षा डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनीं १९५२ सालीं सांगितली. नळी समजली कीं, रोगी त्याच स्थितींत असतां भोंवळ थांबेपर्यंत वाट पाहावयाची, मग डोकें हळूहळू दुसऱ्या बाजूस वळवावयाचें, नंतर रोग्यास त्या कुशीवर घेऊन त्याचें तोंड जमिनीकडे करावयाचें, आणि शेवटीं त्याला उठवून बसवावयाचें. प्रत्येक स्थितींत सुमारें अर्धा मिनिट किंवा भोंवळ शमेपर्यंत थांबतात. गुळगुळीत वेटोळ्या नळींतून गोटी बाहेर काढण्यासाठीं नळी जशी फिरवावी, तशीच ही युक्ति. बहुतेक रोगी एक-दोन वेळांतच बरे होतात. महिन्यांनीं किंवा वर्षांनीं कण पुन्हां सुटूं शकतात. तेव्हां हीच क्रिया पुन्हां करतात. पहिल्या वेळीं मात्र ती जाणत्या डॉक्टराकडूनच करवावी. चुकीच्या बाजूस डोकें वळवून उपयोग होत नाहीं, आणि ज्यांच्या मानेंत किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांत दोष आहे त्यांना जपावें लागतें.

येथें आपल्या शहरांतील दोन सवयींविषयीं थोडें कठोर बोलणें भाग आहे. पहिली मानेच्या पट्ट्याची. चक्कर आली, मानेचें क्षकिरण चित्र काढलें, मणके झिजलेले दिसले, पट्टा बांधला! पन्नाशीनंतर बहुतेकांचे मणके झिजलेले दिसतातच, ज्यांना आयुष्यांत कधीं भोंवळ आली नाहीं त्यांचेहि. मणक्यांची झीज आणि भोंवळ एकाच माणसांत आढळली म्हणजे एक दुसरीचें कारण झाली असें नव्हे. पट्ट्यानें मान हालत नाहीं, म्हणून कण हालत नाहींत, म्हणून भोंवळ कमी होते, आणि निदान खरें ठरल्याचा भास होतो. दुसरी सवय भोंवळ दाबणाऱ्या गोळ्यांची. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या ओकाऱ्यांत त्या उपकारक आहेत. परंतु वर्षानुवर्षें त्या घेत राहणारीं माणसें मी पाहिलीं आहेत, आणि त्यांचें नुकसान दुहेरी होतें: वृद्धांना गुंगी येऊन ते पडतात, आणि मेंदूचें शिक्षण थांबतें. मेंदूचें शिक्षण अशासाठीं म्हणतों कीं, एक कान कायमचा दुबळा झाला तरी मेंदू कांहीं आठवड्यांत नवीन हिशेब शिकतो, डोळ्यांवर व तळपायांवर अधिक विसंबूं लागतो, आणि मनुष्य पुन्हां सरळ चालूं लागतो. मात्र तो हिंडलाफिरला, मान वळवीत राहिला, थोडी भोंवळ सोसून व्यायाम करीत राहिला तरच. अंथरुणांत निश्चल पडून राहणाऱ्याचा मेंदू हें शिकत नाहीं.

प्रत्येक भोंवळ कानाचीच असते असें मात्र कोणीं समजूं नये. अर्धशिशीच्या लोकांना डोकें न दुखतांहि भोंवळ येऊं शकते. आणि लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तरीहि भोंवळच येते. ती दवडण्यासारखी नसते. भोंवळीबरोबर एकाच्या दोन वस्तु दिसूं लागल्या, जीभ जड झाली, घांस गिळवेना, एका अंगाचें बळ किंवा संवेदना गेली, पूर्वीं कधीं झाली नाहीं अशी डोकेदुखी सुरू झाली, किंवा आधारावांचून उभेंच राहतां येईना, तर लिंबूपाणी देत बसूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. एका कानाचें ऐकणें एकाएकीं गेलें तरीहि दिवस घालवूं नयेत. उपचाराची संधि थोडी असते.

एरवीं डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं घरांतील कोणीतरी चार गोष्टी कागदावर टिपून घ्याव्या: जग खरोखर फिरतें कीं डोळ्यांपुढें नुसती अंधारी येते, फिरणें सेकंदांत थांबतें, तास-दोन तास चालतें, कीं दिवसभर टिकतें, डोक्याच्या कोणत्या स्थितींत तें सुरू होतें, आणि त्याच वेळीं कानांत आवाज होतो का, ऐकूं कमी येतें का. अनेक खर्चिक तपासण्यांपेक्षां या टिपणाचा उपयोग अधिक होतो.

म्हाताऱ्या माणसांच्या दोन्ही कानांतील केसाळ पेशी वयाबरोबर कमी झालेल्या असतात, पण तें त्यांना दिवसा जाणवत नाहीं, कारण डोळे ती उणीव भरून काढतात. रात्रीं दिवा नसला, पायाखालीं मऊ गालिचा असला, किंवा न्हाणीघरांत साबण लावून डोळे मिटलेले असले, म्हणजे उरलेले दोन आधारहि सुटतात. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत एक मंद दिवा रात्रभर तेवत ठेवावा, गालिचा गुंडाळून ठेवावा, आणि नळाजवळच्या भिंतीला हाताला येईल असा एक गज ठोकून घ्यावा.